चौथा मजला, लिफ्ट नाही

मोशीतला फ्लॅट मी चौथ्या मजल्यावर घेतला, आणि बिल्डिंगला लिफ्ट नव्हती म्हणूनच घेतला. सगळ्यांना मात्र सांगितलं की बजेटमध्ये दुसरं काही बसत नव्हतं. साफ खोटं. पुण्यात आमच्यासारख्याला परवडणारं फारसं नव्हतं, एवढं खरं. बाणेर-बावधनच्या जाहिराती मी फक्त जेवताना मोबाईलवर बघायचो. शेवटी एजंटनं एका रविवारी दोन घरं दाखवली. एक चाकणच्या पलीकडं, तळमजल्यावर, दारात एक खाट मावेल एवढा ओटा. दुसरं मोशीचं. किंमत जवळजवळ सारखीच. बायको त्या ओट्यावर टेकली आणि म्हणाली, “आईंना हा बरा पडेल.” माझं तिथंच ठरलं, मोशी.

वडील गेल्यापासून आई तळेघरला एकटी होती. उभा जन्म भातखाचरात वाकून काढलेला, गुडघे कामातून गेलेले. गावी गेलो की जो तो विचारायचा, “भाऊ, म्हातारीला कधी नेतोस?” “घर झालं की,” मी सांगायचो. मला ती नको होती. तिची मिश्री नको होती, पहाटे चारला उठून भांडी वाजवणं नको होतं, खिडकीतून खालच्या अनोळखी माणसाला ‘कुठं चालला रं?’ म्हणून ओरडणं नको होतं. कंपनीत नुकतेच मला साहेब म्हणू लागले होते आणि मला चोवीस तास साहेब राहायचं होतं. भावकीत सगळे धरून चालले होते की बायकोच नको म्हणत असणार. मी त्यांना तसं धरून चालू दिलं.

घरभरणीला आई आली. नव्या घरात पहिलं धान्य मोठ्या बाईनं ठेवायचं, हे आमच्याकडं ठरलेलं. काखेत पिशवी धरून ती जिन्याखाली उभी राहिली आणि वर बघत राहिली.

“आई, तू इथं खुर्चीवर बस,” मी म्हणालो. “तांदूळ मी नेतो. ताट खाली पाठवतो.”

“न्हाई. मीच ठिवणार.”

ती पहिल्या पायरीवर बसली, मागच्या पायरीवर हात टेकले आणि पाठमोरी, बसल्या बसल्या वर सरकू लागली. आधी पिशवी वर ठेवायची, मग स्वतःला ओढून घ्यायचं. पाहुणे तिच्या अंगावरून ओलांडून येत होते. मी वर जाऊन कठड्याला टेकलो आणि तिथून बघत राहिलो. दुसऱ्या मजल्यावर ती बराच वेळ थांबली तेव्हा मला बरं वाटलं. पुन्हा हलली तेव्हा मी उरलेल्या पायऱ्या मोजू लागलो. दया वगैरे काही नाही, ती पोचली तर काय, याची भीती.

ती पोचली. लुगडं धुळीनं माखलेलं, तळहात सोललेले. बायकोनं तिला पाणी दिलं आणि तांदूळ काढून द्यायला पिशवी उघडली. वर तांदळाचं गाठोडं होतं. त्याखालून दोन लुगडी, फणी आणि गुडघ्यांच्या गोळ्या बाहेर आल्या.

तांदूळ आईनं स्वतःच्या हातानं डब्यात ओतले. बायको म्हणाली, “आई, आता इथंच राहा.” आई माझ्याकडं बघत होती.

“चढले का न्हाई मी?” ती म्हणाली. “आन् रोज कुठं उतरायचंय मला? बसंन आपली घरात.”

 मी घड्याळ बघितलं.

“मंचरची चारची गाडी गाठायला हवी,” मी म्हणालो. “नाहीतर पुढं तळेघरची शेवटची चुकेल.”

 लुगडी, फणी, गोळ्या, सगळं तिनं परत पिशवीत भरलं. बायको स्वयंपाकघरात गेली ती बाहेर आली नाही.

बसत बसत उतरायला तिला तास लागला असता आणि गाडी चुकली असती. म्हणून मी तिला पाठीवर घेतलं. काहीच वजन नव्हतं. भराभर उतरत गेलो, कुठंही टेकलो नाही. तिसऱ्या मजल्यावरचे शेजारी दारात उभे होते. “पोरगा असावा तर असा,” त्यातली एक बाई म्हणाली.

पहिल्या मजल्यावर आई माझ्या कानाशी बोलली. “म्हंजी उचलता येत व्हतं व्हय रं तुला?”

मी उरलेल्या पायऱ्या उतरलो आणि गेटवरच्या रिक्षाला हात केला.