केतकीची चावी

केतकी शारजा सोडून लिस्बनला गेली, त्या दिवशी तिने मला एक चपलांचा रॅक, दोन मनीप्लांट, एक मिक्सर आणि माझ्याच फ्लॅटची चावी दिली. आखातातली ही रीतच आहे. जाणारा आपला संसार मागे राहणाऱ्यांना वाटून जातो. त्यामुळे अल नहदामधल्या आमच्या फ्लॅटमधलं निम्मं सामान आता कॅनडात किंवा पुण्यात असलेल्या माणसांचं आहे. चावीची गोष्ट वेगळी होती. केतकी माझी धाकटी बहीण. समोरच्याच टॉवरमध्ये राहायची आणि आमच्याकडे बेल न वाजवता यायची. चावी पर्समध्ये चटकन सापडावी म्हणून तिने तिला हिरवी फीत बांधली होती. टॅक्सीत बसण्याआधी तिने ती माझ्या हातावर ठेवली. ड्रायव्हर यल्ला यल्ला करत होता, म्हणून रडणं आटोपतं घेतलं. तिचा अर्णव तेव्हा कडेवर होता आणि माझी इरा पोटात.

आदल्या आठवड्यात इथल्या मराठी मंडळाने निरोपसमारंभ केला होता. शाल, श्रीफळ आणि 'मराठी पाऊल युरोपात' असा फलक. अध्यक्षांच्या भाषणात केतकीने सातासमुद्रापार झेप घेतली. समोर बसलेले आम्ही सगळे निदान एक समुद्र ओलांडूनच त्या हॉलमध्ये पोचलो होतो, पण आखाताची झेप कोणी धरत नाही. आमचे बाबासुद्धा धरत नसत. ते वेंगुर्ल्यात शाळामास्तर. घरात सगळे मालवणी बोलायचे, पण उपदेश करायचा असला की बाबा प्रमाण मराठीत शिरायचे. मी लग्नानंतर इकडे यायला निघाले तेव्हा अंगणात उभं राहून ते म्हणाले होते, "लक्षात ठेव, आखातात माणूस राहत नाही, नुसता असतो." मी हसले होते. पण व्हिसाच्या नूतनीकरणावर चालणाऱ्या आयुष्याबद्दल इतकं नेमकं वाक्य मला नंतर कुठल्या पुस्तकात सापडलं नाही.

केतकी मात्र राहायला गेली. तिचे फोटो येत: डोंगरउतारावरची घरं, पिवळी ट्राम, बाल्कनीत वाळत घातलेली दुपटी आणि खाली 'स्लो लिव्हिंग'. आमच्या वेंगुर्ल्यात याला दुपार म्हणतात. मी प्रत्येक फोटोला बदाम टाकला आणि प्रत्येक फोटोवर जळले. तुमच्यातले जे गावीच राहिले त्यांना वाटतं, हेवा फक्त त्यांनाच वाटतो. जे निघाले, त्यांना ठाऊक आहे की आपल्याही पुढे कोणीतरी निघालेलं असतं.

पण खरी जळजळ आईवरून होती. बाबा गेल्यावर आई वेंगुर्ल्यात एकटी. माझ्या दुसऱ्या बाळंतपणाला ती मे महिन्यात शारजाला आली. बाराव्या मजल्यावरच्या खिडकीशी बसून समोरच्या बाराव्या मजल्याकडे बघत राहायची. महिना भरायच्या आत म्हणाली, फणस उतरायचे आहेत, मी जाते. मी फणसांपुढे हरले. पुढच्या वर्षी त्याच मे महिन्यात ती केतकीच्या बाळंतपणाला लिस्बनला गेली आणि चांगले तीन महिने राहिली. त्या वर्षीच्या फणसांचं काय झालं, हे मी विचारलं नाही.

म्हणून ती तिथे असतानाच, जुलैत, मी चार वर्षांच्या इराला आणि वर्षाच्या बाळाला घेऊन लिस्बनला गेले. नवऱ्याला रजा नव्हती. युरोप बघायला जाते असं ऑफिसात सांगितलं, पण मनात एकच होतं. आईचं परतीचं विमान दुबईवरून गोव्याला जाणार होतं, मध्ये फक्त काही तासांचा थांबा. त्या तासांचा मला महिना करायचा होता. आई माझ्याकडे राहायला हवी होती.

आमचा स्ट्रोलर मॉलच्या संगमरवरावर वाढलेला. लिफ्ट, बेसमेंट, गाडी, मॉल. ऊन त्याने काचेतूनच पाहिलेलं. लिस्बनच्या बारक्या दगडांच्या फुटपाथवर त्याचं एक चाक पहिल्याच चढावर निखळलं. पुढे पायऱ्या. मी वैतागून उभी राहिले, तोवर एका टोकाला कोणी काका आणि दुसऱ्या टोकाला एक कॉलेजची मुलगी, दोघांनी न विचारता बाळासकट तो उचलून वर ठेवला. दुकानांत रांगेतली माणसं बाळ बघून आम्हाला पुढे ढकलत. एका आजीने तर बाळाचे पाय उघडे दिसले म्हणून मला दटावलं. भाषा कळली नाही, पण दटावणं ओळखीचं होतं. मी मनातल्या मनात शहरातले दोष शोधत होते आणि ते मला सहकार्य करत नव्हतं.

केतकीच्या घराने थोडं केलं. पहिला मजला, आमच्या फ्लॅटच्या निम्मी जागा, वॉशिंग मशीन स्वयंपाकघरात, छताला ओल. मला बरं वाटलं. मग अर्णव आला आणि म्हणाला, "मावशी, तुला पाणी देऊ?" आमच्या बिल्डिंगमध्ये पंधरा मराठी कुटुंबं आहेत, आणि इराला काहीही विचारा, उत्तर येतं इंग्लिशमध्ये. इथे मैलोन् मैल मराठी माणूस नाही, आणि हा पोरगा मला मावशी म्हणून पाणी विचारतो. ते पाणी मी घेतलं, पण गोड लागलं नाही.

एका दुपारी सगळे ट्रेनने किनाऱ्यावर गेलो. इराला शेजारच्या मुलीची वाळूची बादली हवी होती. ती "बकेट, बकेट" म्हणत राहिली, त्या मुलीला कळेना. अर्णव म्हणाला, "अगं, बादली म्हण." इरा म्हणाली, "बादली." त्या मुलीने लगेच बादली पुढे केली. पोर्तुगीजात बादलीला बाल्द म्हणतात. आई छत्रीखालून म्हणाली, "बघ, तेका सुद्धा मराठी कळता." बटाटा, बादली, चावी हे शब्द इथल्या लोकांनी आपल्याकडून उचलले, अशी तिची खात्री झाली होती. कोणी कोणाकडून घेतले, हा इतिहास मला माहीत होता. मी तो सांगितला नाही. माझ्या मुलीच्या उपयोगी पडलेला पहिला मराठी शब्द मुळात पोर्तुगीज होता, हे पचवणं त्या दिवसापुरतं पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी खाली स्ट्रोलरच्या चाकाशी झटत होते. आई चढावरून आली. हातात बटाट्यांची पिशवी, एकटीच. कमरेला खोचलेली चावी काढून तिने इमारतीचं दार उघडलं आणि मला म्हणाली, आत ये, ऊन लागेल. जणू मी पाहुणी होते. होतेच.

मी म्हटलं, "केतकी तुला अशी एकटीला सोडते?"

"सोडूक मी काय म्हस?" आई म्हणाली.

मग मी तो विषय काढलाच. दुबईला उतर, महिनाभर राहा माझ्याकडे. आई पिशवीतले बटाटे पायरीवर मांडून बघू लागली, एखादा मऊ निघतोय का. मी खिंड लढवत राहिले. शारजात लिफ्ट आहे, खाली ग्रोसरी आहे, मंडळ आहे, आपली इतकी माणसं आहेत. बोलता बोलता मागच्या वेळचंही निघालं: तू एकदाही एकटी खाली गेली नाहीस. कार्डावर उघडणारी दारं, सगळे टॉवर सारखे, हरवशील म्हणून मीच तुला जाऊ दिलं नाही, काळजीपोटी.

आई शांतपणे म्हणाली, "लॉजवाले पण चावी देतत गो."

आणि बटाटे भरून वर गेली. तिकीट बदलायचं की नाही, ते तिने सांगितलंच नाही. ते केतकीने बदलल्याचं मला निघायच्या दिवशी कळलं, तेही केतकीकडूनच. "आई म्हणाली, इराला अजून दोन-चार शब्द शिकवायचे आहेत," असं ती म्हणाली, आणि ते मला सांगताना तिचा चेहरा मला जरा लहान दिसला.

ऑगस्टमध्ये आई शारजाला आली. केतकीने परत केलेली चावी स्वयंपाकघरातल्या खिळ्याला चार वर्षं लटकत होती. ती कोणाला द्यावी असं मला कधी सुचलं नव्हतं, किंवा केतकीच्या जागी कोणी नको होतं. मी ती बिल्डिंगच्या कार्डासकट आईच्या हातात दिली. तिने हिरवी फीत बघितली, चावी कमरेला खोचली आणि ऊन उतरल्यावर खाली गेली. मी खिडकीशी उभी राहिले. बाराव्या मजल्यावरून माणूस फार बारीक दिसतं.

बऱ्याच वेळाने कुलपात चावी फिरली. बेल न वाजवता आमचं दार उघडून कोणी आत आलं, त्याला चार वर्षं झाली होती. इरा ओरडली, "आजी इज होम!" मी तिला दुरुस्त केलं नाही.

आईने बटाटे ओट्यावर ठेवले, तेवढ्यात केतकीचा व्हिडिओ कॉल आला. आवाज मोठा होता, मला ऐकू येत होतं. "आई, खंय असस?"

"घराक," आई म्हणाली, आणि पायातल्या चपला काढून केतकीच्या रॅकवर ठेवल्या.

पलीकडे थोडा वेळ काहीच आवाज नव्हता. ती शांतता मी ओळखते. बाबा काहीही म्हणोत, मी तिच्यात चार वर्षं राहिले आहे.