एक्स-रेचा मासा

नव्वदीचं दशक संपत आलं होतं, तेव्हा मी कोथरूडला आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये मुलांना सावल्यांच्या बाहुल्या शिकवायला लागले. शाळेतली चित्रकलेची नोकरी नुकतीच सोडली होती आणि कोकणात एका वयस्कर कलाकाराच्या घरी महिनाभर राहून ही कला थोडीफार हाताला लागली होती. आमच्या गल्लीत तेव्हा कॉम्प्युटर क्लासच्या तीन पाट्या होत्या. माझी चौथी लागली तेव्हा खालच्या मजल्यावरचे काका म्हणाले, "सावल्या बघायला क्लास कशाला? पोरांना उन्हात उभं करा की."

तरी मे महिन्याच्या सुट्टीत अकरा मुलं आली. कोकणातल्या बाहुल्या चामड्याच्या असतात. पण चामडं म्हटल्यावर दोन आयांचे चेहरे असे काही झाले की मी मुकाट्यानं जुन्या एक्स-रेवर आले. फिल्म ब्लीचिंग पावडरच्या पाण्यात भिजवून घासली की काळा थर सुटतो. मग ती हवी तशी कापायची, रंगवायची आणि मागे मोडक्या छत्रीची काडी बांधायची. घरात पडून असलेले एक्स-रे आणा म्हटल्यावर दुसऱ्याच दिवशी ढीग जमला.

त्यातली एक फिल्म मात्र आणणारीनं पाण्यात घालू दिली नाही. नववीतली मुलगी होती ती, फार न बोलणारी. तिला नेहमी वडीलच स्कूटरवरून सोडायला यायचे.

"बाई, ही न धुता घेऊ? मला मासा करायचाय. काटे आयते दिसतील."

छातीचा एक्स-रे होता. बरगड्यांचे काटे ही कल्पना मला इतकी आवडली, की एक्स-रे कुणाचा आहे हे विचारायचं सुचलंच नाही. मुलांनी मग सुट्टीअखेरच्या प्रयोगासाठी त्या माशावरच गोष्ट रचली. मुठा नदीतला एक मासा स्वच्छ पाणी शोधत प्रवाहाच्या उलट धरणाकडे निघतो, अशी.

बाहुली पडद्याला टेकवली की सावली ठळक पडते आणि दिव्याकडे मागे घेतली की मोठी, फिकी होत जाते, हे मी सगळ्यांनाच शिकवलं होतं. ही मुलगी क्लास सुटल्यावर थांबून तेवढंच करत बसायची. मासा फुगायचा, आकसायचा.

"काय चाललंय?" मी एकदा विचारलं.

"श्वास घेतोय तो," ती म्हणाली.

प्रयोगाला चार दिवस उरले असताना तिचे वडील क्लास सुटायच्या वेळी वर आले. गळ्यात कंपनीचं ओळखपत्र तसंच होतं.

"बाई, हिनं एक एक्स-रे आणलाय का? घरातल्या फाईलमध्ये सापडत नाहीये. हिच्या आईचा आहे." मग म्हणाले, "ती तीन वर्षांपूर्वी गेली."

मी कपाटातून मासा काढून त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो खिडकीच्या उजेडात धरला.

"कापलास?" त्यांनी मुलीला विचारलं.

"तुम्ही फाईल वरच्या फळीवर ठेवलीत," ती खाली बघत म्हणाली. "मला कधी बघायलाच मिळत नव्हती."

"चूक माझी आहे," मी म्हटलं. "मी विचारायला हवं होतं."

मुलीनं वडिलांच्या हातातून हळूच मासा घेतला, दिवा लावला आणि पडद्यामागे गेली. "बाबा, समोर बसा," तिचा आवाज आला.

ते सतरंजीवर बसले. पडद्यावर मासा आला. काळ्या अंगात बरगड्या उजळ दिसत होत्या. तो सावकाश फुगला, आकसला, पुन्हा फुगला.

"हा काढला तेव्हा मी बरोबर होतो," ते म्हणाले. मला सांगत होते की पडद्याला, कळलं नाही. "तो माणूस म्हणाला, श्वास रोखून धरा. तर तिला हसूच आवरेना. पहिला हलला. दुसऱ्यांदा काढावा लागला."

मासा थांबला. पडद्यामागून प्रश्न आला, "मग तो हललेला कुठंय?"

"तो त्यांनी ठेवून घेतला असणार."

"आई अशी कुठंही हसायची?"

"कुठंही. बँकेच्या रांगेतसुद्धा."

मग ती विचारत राहिली आणि ते सांगत राहिले. मधे पडदा होता म्हणून दोघांनाही सोपं गेलं असावं. मी गॅलरीत जाऊन उभी राहिले. निघताना वडिलांनी विचारलं, "कापून उरलेले तुकडे आहेत का?" कातरकामाच्या खोक्यातून शोधून मी त्यांना पाच तुकडे दिले. एकावर कोपऱ्यात तिच्या आईचं नाव होतं. ते त्यांनी शर्टाच्या खिशात ठेवले.

प्रयोगाला ते अर्धी रजा काढून आले आणि पहिल्या रांगेत बसले. मासा धरणाला पोचला तेव्हा लहान मुलांनी टाळ्या वाजवल्या. शेवटी मुलीनं मासा घरी नेऊ का, असं विचारलं. मी जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून दिला.

त्यानंतर मी बरीच वर्षं क्लास घेतला. फिल्म हातात घेताना आधी विचारायचे, हा कुणाचा. मुलं आनंदानं सांगत. आजोबांचे गुडघे, जिन्यावरून पडलेल्या मावशीचा हात. एका सहा वर्षांच्या मुलीनं पोटाचा आणला होता. त्यात मधोमध एक बटण दिसत होतं.

"माझाच आहे," ती म्हणाली. "पण बटण दादाचं."