उपग्रहाला कंबर नसते

पाटकरी नाना कुठेही उभे राहिले की हातातल्या तांब्यातलं थोडं पाणी जमिनीवर ओतायचे आणि ते कुठे जातं ते बघत बसायचे. देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या मांडवात, एकदा तर आमच्या धुळ्याच्या जलसंधारण ऑफिसातल्या फरशीवर. पिंपळनेरजवळच्या त्यांच्या गावात शेतांना पाळीपाळीने पाटाचं पाणी सोडायचं काम त्यांनी जन्मभर केलं, म्हणून ते पाटकरी.

मी नोकरीला नवी, जळगावची, स्वतःला फार शहाणी समजणारी. उपग्रहाने मोजलेल्या उंचीच्या आकड्यांवरून डोंगराचं पाणी कुठून वाहील, ते कॉम्प्युटर निळ्या रेघांनी काढून द्यायचा. गावाला एकच बंधारा मंजूर होता. माझ्या रेघा सगळ्या पश्चिमेच्या नाल्याला मिळाल्या, तिथे मी चुन्याची फक्की टाकून जागा आखली. आठ दिवसांत पाया खोदणार होते.

नानांनी नकाशा उलटासुलटा करून पाहिला. "नकाशा बेस शे ताई, पन पाणीनी तो वाचेल नही."

मला रागच आला. नाना मला सडकेपाशी घेऊन गेले. सडकेच्या भरावाखाली पाणी पलीकडे जायला ठेवलेली, बाभळीच्या झुडपांनी झाकलेली एक मोरी होती. आत गेल्या पुराचा काडीकचरा अडकलेला. त्यांनी तोंडाशी तांब्या ओतला. पाणी मोरीतून गुपचूप पूर्वेच्या नाल्याकडे निघालं. ते वाकून आत बघत म्हणाले, "तुना कॉम्प्युटरनी वाकीसन दखं का?"

उपग्रहाला वरून नुसता भराव दिसला होता आणि कॉम्प्युटरने त्याला भिंत समजून पाणी वळवलं होतं. माझा बंधारा कोरडा राहिला असता, आणि गावाला दुसरा मिळणार नव्हता.

दुसऱ्या दिवशी साहेबांसमोर चूक कबूल करायला पाय ओढत गेले, तर नाना पहिल्या एसटीने येऊन बसलेले. मी तोंड उघडायच्या आत म्हणाले, "पोरनी चूक नही साहेब. उपग्रहले कंबर नही, तो वाकी कसा?" साहेब हसत सुटले. मग नानांनी फरशीवर पाणी ओतून आमच्या इमारतीचा उतारही दाखवला. शिपाई मात्र चिडला.

मी नकाशात मोरीच्या जागी सडक कापली, आणि रेघा पूर्वेला धावल्या. बंधारा तिथेच झाला. तो तुडुंब भरला तेव्हा नानांनी पाणी ओतलं नाही. काठाशी बसून तांब्या भरून घेतला.

गेल्या थंडीत नाना गेले. निरोप उशिरा आला, मी खूप रडले. आता कुठल्याही गावाच्या नकाशात मी आधी सडकांखालच्या मोऱ्या नोंदवते, प्रत्येकीत स्वतः वाकून बघून. कॉम्प्युटर त्या यादीला नाव मागतो. मी 'नाना' लिहिते.