पुण्याच्या डीजेचा सवाल

मिरजोळ्याच्या कारखान्यातली कायम नोकरी सोडून मी पूर्णवेळ डीजे होणार, असं सांगितलं तेव्हा बाबांनी माझा राजीनाम्याचा कागद घडी करून स्वतःकडे ठेवून घेतला. "आदी तुझं ऐकतो, मग बघू," म्हणाले. मी तेव्हा सुट्टीच्या दिवशी गोव्यातल्या क्लबांत वाजवायचो. टेक्नो, हिप-हॉप, कोळीगीत, समोरचा नाचेल ते सगळं. पण बाबा गोव्याला यायला तयार नव्हते, त्यामुळे कागद दोन महिने अडकून पडला.

अखेर घराजवळच, भाट्याच्या किनाऱ्यावर मोठा कार्यक्रम ठरला आणि मला दुपारी चारची वेळ मिळाली. त्या उन्हात नाचणार कोण, या काळजीने मला जेवण गेलं नाही. बाबा मात्र घरची घडीची खुर्ची घेऊन तीनलाच हजर. चाळीस वर्षं त्यांनी शक्ती-तुऱ्यात, म्हणजे जाखडी नाचाच्या सवाल-जवाबात, ढोलकी वाजवलेली. तिथे दोन पार्ट्या समोरासमोर. एकीने गाण्यातून सवाल टाकायचा, दुसरीने आधी त्याचा जवाब द्यायचा आणि मगच आपलं काय ते गायचं. जवाब न देता पुढे गेला तो शाहीर बाबांच्या लेखी कामातून गेला.

माझ्याआधी पुण्याचा एक डीजे होता. त्याने शेवटी नुसता ढोल चढवत नेला आणि ऐन रंगात तोडून टाळ्या घेत उतरला. मी रुबाबात माझं ठेवणीतलं गाणं लावलं. पाच मिनिटांत बाबा उठले, खुर्ची मिटली. झालं, राजीनामा गेला! मला खरंच रडू आलं. गॉगल होता म्हणून निभावलं.

पण बाबा घरी न जाता खुर्ची काखेत मारून थेट स्टेजच्या कडेला आले.

"मेल्या, तो सवाल टाकून गेला ना! जवाब कोण देनार, तुझा बापूस?"

"बाबा, सवाल नाही तो. त्याचं गाणं संपलं."

"असं संपतं? ढोल अर्ध्यावर टाकून?"

तोवर सुरक्षारक्षक खुर्चीचं दुसरं टोक ओढू लागला होता. वाद घालायला वेळच नव्हता. ते गाणं माझ्याकडेही होतं. तोच ढोल मी पुन्हा चढवला आणि त्याने जिथे तोडला, तिथे जाखडीची ढोलकी सोडली. ती बाबांचीच. पडवीत सराव करताना मी चोरून मोबाइलवर घेतलेली. छत्र्यांखाली सरबत पीत बसलेली माणसं धावत आली. बाबांनी खुर्ची उघडली, पण बसले नाहीत. तिच्या पाठीवर ताल धरून उभे राहिले.

नंतर पुण्याचा डीजे शाबासकी द्यायला आला. बाबांनीच त्याची समजूत घातली, "वाईट वाटून घेऊ नकोस. सवाल चांगला होता."

परतताना स्कूटरवर मागे बसलेले बाबा म्हणाले, "मधे एकदा माझा हात चुकलाय. परत वाजवून देईन."

"आणि नोकरीचं, बाबा?"

मागून त्यांनी माझ्या शर्टाच्या खिशात घडी केलेला कागद कोंबला.

"तारीख तेवढी नवीन घाल."