डिटेक्टिव्हचा पदर
रेक्झिनच्या जॅकेटचा वास आला की मळवलीचा तो बंगला आठवतो. आई तिथं राखण करायची, आम्ही मागच्या पत्र्याच्या खोलीत राहायचो आणि पाहुणे आले की एरवी बंगल्याच्या हॉलमध्ये चालणारा माझा अभ्यास जिन्यात व्हायचा. एकदा तिथं लेडी डिटेक्टिव्हच्या मारामारीचा स्वस्तातला सिनेमा शूट झाला. हिरोईन चिखलात पळेना, म्हणून तिचं काळं जॅकेट अन् पँट चढवून आईच भातखाचराच्या बांधावरून गुंडामागं पळाली. पुढं कॉलेजच्या हॉस्टेलवर मैत्रिणींनी नेमका तोच सिनेमा मोबाईलवर लावला. पाठमोरी डिटेक्टिव्ह पळता पळता नसलेला पदर कमरेला खोचत होती. "अगं, ही गुंड पकडतेय की भात लावतेय?" एकजण म्हणाली, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी हसले. ती कोण, ते सांगितलं नाही. सुट्टीत घरी गेले, तो सिनेमा पाहिल्याचं सांगितलं, तर आईनं विचारलं, "सिनेमात दिसले का गं मी?" "न्हाई, तुझं कापलं." "आसू दे. लय पळवलं व्हतं मला," म्हणत ती भांडी घासायला बसली. आज आमच्या घरातली पहिली पदवीधर मी आहे; पण त्या मैत्रिणींना "ती माझी आई होती" एवढं सांगायला मला पदवीनंतरही चार वर्षं लागली.