शनिवारची भिंत

रविवारी सकाळी मी भिंतीवरचं गोणपाट उचललं आणि एक शिवी हासडली. नवा गिलावा वरपासून खालपर्यंत तडकला होता.

जुन्नरच्या जुन्या बाजारात, एका बोळात हे सिनेगॉग आहे. सिनेगॉग म्हणजे यहुदी लोकांचं प्रार्थनाघर. हे लोक पूर्वी तेल गाळायचे आणि शनिवारी, त्यांच्या धर्मातल्या विसाव्याच्या दिवशी, घाणा बंद ठेवायचे. म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आता गावात त्यांचं एकच घर उरलंय, एझराभाऊंचं. बाकीचे मुंबईला, नाहीतर इस्रायलला गेले.

मी चुन्याचं काम करते. सासऱ्यांकडून शिकले. शाळा चौथीपर्यंत. जुन्या भिंतीला सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि भिंत फुगते. इथली पश्चिमेची भिंत अशीच फुगली होती. त्यांच्या धर्मग्रंथाचं कपाट त्याच भिंतीत आहे आणि प्रार्थना तिच्याकडेच तोंड करून होते. नगरपालिकेच्या इंजिनिअर साहेबांनी बजावलं होतं, पावसाळ्याआधी भिंत पक्की झाली नाही तर इमारत धोकादायक ठरवून पाडू.

मी सिमेंट खरवडून काढलं. चुना, विटांचा चुरा, गूळ आणि हिरड्याचं पाणी असा माल केला. हिरडा आंबेगावच्या डोंगरातला. हा गिलावा सावकाश घट्ट होतो आणि तोवर ओला ठेवावा लागतो. त्याला क्युअरिंग म्हणतात. एप्रिलच्या उन्हात एक दिवस पाणी चुकलं की काम मातीत. आणि शनिवारी दाराला कुलूप होतं.

"भाऊ, किल्ली कुठं व्हती?"

"माझ्या खिशात," एझराभाऊ म्हणाले.

"मला पाणी मारायचं व्हतं की."

"शनवारी न्हाई."

"तुमी नका मारू. मी मारते. मी कुठं यहुदी हाय?"

"पर काम माझं हाय ना. माझ्यासाठी दुसऱ्यानं राबलेलं बी चालत न्हाई."

"मंग भिंत पडंल."

"पडू द्या. शनवार मोडून उभी केलेली भिंत मला नको."

पुण्याहून आर्किटेक्ट मॅडम आल्या. काम त्यांच्या देखरेखीखाली होतं. त्यांनी गोडीनं विचारलं, "काका, या उन्हाळ्यापुरती सूट नाही का देता येणार?"

"सूट द्यायला शनवार माझ्या बापाचा हाय व्हय?"

मी थापी धुतली आणि पिशवीत टाकली. अडेल म्हाताऱ्यापायी मला वेळ घालवायचा नव्हता. ते मात्र शांतपणे छताला टांगलेला काचेचा दिवा खाली घेऊन पुसत बसले होते.

जाता जाता मी खवचटपणे विचारलं, "शनवारी ह्यात तेल कोण घालतं? का दिवा बी सुट्टीवर?"

"कुणी न्हाई घालत. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत भरून पेटवायचा. मंग तो आपला आपण जळतो."

मी पिशवी खाली ठेवली.

"म्हंजे आधी चालू केलेलं चालतं?"

"हात लागत नसंल तर चालतं."

"आन पाणी?"

त्यांनी भिंतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "पाणी बी चालंल. पर आपोआप कसं पडंल?"

"द्राक्षबागेत कसं पडतं, भाऊ?"

मॅडम आधी हसल्या आणि लगेच टाकी किती मोठी लागेल त्याचा हिशेब करायला लागल्या. माझ्या भावाच्या बागेतली ठिबकची जुनी नळी आणली. तडकलेला गिलावा पाडून नवा चढवला. भिंतीवर गोणपाट सोडलं, वर नळी बांधली. पहिल्या चाचणीत धार इतकी जोरात आली की कडेचा चुना वाहून गेला. मॅडमनी बारीक थेंबाचे ड्रिपर आणून बसवले. मग पाणी गोणपाटातून नुसतं झिरपायला लागलं.

शुक्रवारी ऊन कलल्यावर एझराभाऊंनी दिवा पेटवला आणि मग स्वतःच्या हातानं टाकीचा कॉक उघडला. कुलूप लावलं. मी घरी गेले.

रविवारी गोणपाट ओलं होतं. गिलाव्यावर केसाएवढीही चीर नव्हती. पुढचे सगळे शनिवार असेच गेले.

पावसाळ्याच्या तोंडावर इंजिनिअर साहेब आले. हातोडीनं भिंतभर ठोकून पाहिलं. कुठेही पोकळ आवाज नाही. "आजी, ही आता माझ्यानं पाडवणार नाही," मला म्हणाले आणि पाडायचं रद्द झालं.

पुढच्या शनिवारी तिथे कित्येक वर्षांनी प्रार्थना ठरली. तिला दहा पुरुष लागतात. पुण्या-मुंबईचे पाहुणे आदल्या दिवशीच येऊन राहिले होते. सकाळी दारात नऊच दिसले, तशी मी म्हणाले, "एक कमी पडतोय तर मी हुबी ऱ्हाते."

"बाया धरत न्हाईत," एझराभाऊ म्हणाले.

"मंग भिंत बी बाईनं केली न्हाई म्हणा!"

ते इतके हसले की टोपी सांभाळावी लागली. तेवढ्यात मागून आणखी दोघे चालत आले. अकरा झाले. माझी गरज उरली नाही. मी बाहेर ओट्यावर बसून त्यांचं गाणं ऐकलं. अर्थ कळला नाही, पण भिंतीवरून आवाज खणखणीत परत येत होता.

लोकांचा नियम आडवा आला की आधी तो पुरता विचारून घ्यावा. मी पहिल्याच दिवशी विचारलं असतं, तर चुन्याचा एक घाणा वाचला असता.