झाडांसाठी उघडलेली खिडकी

ताईचे यजमान वारले तेव्हा ती इंदापुरात सासरी होती आणि मी बारामतीत आईवडिलांकडे. तिच्या सासरी विधवेनं वर्षभर कोपरा धरायचा अशी रीत होती. म्हणजे आतल्या खोलीत बसून राहायचं, उन्हात यायचं नाही, परक्याच्या नजरेला पडायचं नाही आणि एक वेळ जेवायचं. माझे वडील सुधारणेची चोपडी घरी आणत. ती वाचून वाचून माझी अशी समजूत झाली होती की असल्या रिती आता संपत आल्या आहेत. सुतक फिटल्यावर मी तिला भेटायला गेले. दिवस मावळत होता. मी पाण्याचा तांब्या पुढं केला, तर ताईचा हात त्याच्या बाजूनं हवेतच गेला.

"सांजचं दिसत न्हाय मला," ती हळूच म्हणाली. सासूबाईंना ती आत्याबाई म्हणे. "आत्याबाईंना सांगू नगंस. सोंग करती म्हणतील."

बारामतीच्या डॉक्टरांना वडिलांनी विचारलं. ते म्हणाले, हे खाण्यातून आलेलं आहे. दूध, पालेभाजी, गाजर, टमाटे पोटात गेले नाहीत तर दिवसाचंही दिसेनासं होईल. त्या घराचा मळा पाटाच्या पाण्यावर हिरवागार होता. गाड्या भरून माळवं बाजाराला जाई, आणि ताईच्या ताटात भाकरी आणि चटणी. वडिलांनी दोनदा जाऊन विनवलं. व्याह्यांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं.

आमच्या चोपड्यांत एक टमाट्यावर होतं, घरात डब्यात झाड कसं वाढवावं याचं. मी ठरवलं, ताईला बाहेर येऊ देत नाहीत ना, मग झाड आत जाईल.

रॉकेलचे डबे वरून कापून घेतले, बुडाला खिळ्यानं भोकं पाडली. नुसती काळी माती डब्यात दगडासारखी आवळते, म्हणून तिच्यात नदीची वाळू आणि चांगलं कुजलेलं शेणखत कालवलं. दसरा झाल्यावर वीतभर रोपं घेऊन सर्व्हिस मोटारीतून इंदापूरला गेले. डबे मांडीवर होते आणि शेजारचे गृहस्थ धोतर सावरत माझ्यापासून लांब सरकत होते.

दारात आत्याबाई उभ्या होत्या. त्यांचा जन्म मळ्यात गेलेला. पानाचा वास घेऊनच त्यांनी टमाटा ओळखला; त्या त्याला बेलवांगी म्हणत.

"बेलवांगी व्हय ही? चिरली की मटणावानी दिसत्यात. आमच्या घरात तुळशीची माळ हाय, पोरी."

"तुमी खाऊ नका. ताईला तेवढाच चाळा," मी म्हणाले.

"चाळा कशाला लागतोय? बसायचं तर बसायचं." पण डबे त्यांनी आत जाऊ दिले. एका रोपाची मान मोटारीत मोडली होती. तिला काटकीचा आधारही त्यांनीच बांधला.

खोलीची खिडकी आडणा घालून बंद असे. पुढच्या खेपेला पाहते तो रोपं सुतळीसारखी लांब झालेली, फटीतून येणाऱ्या उजेडाच्या रेघेकडं सगळी वाकलेली, पानं पिवळी. मी आत्याबाईंना हात धरून आत आणलं. मी ताईसाठी इतकी भांडले होते, चोपड्यांतली वाक्यंच्या वाक्यं त्यांना ऐकवली होती, त्यातलं एकही त्यांना लागलं नव्हतं. रोपं बघून मात्र त्या खाली बसल्या आणि पिवळी पानं उलटून बघू लागल्या.

"रोप असं मरताना बघवत न्हाय मला," त्या म्हणाल्या, आणि आडणा स्वतः काढला.

उजेड ताईच्या पायांवर पडला. ती पाय ओढून घेऊ लागली, मग तिनं ते तसेच राहू दिले. मला वाटलं, आपण जिंकलो.

महिनाभर खिडकी उघडी राहिली. ताई झाडांशेजारी उन्हात बसे, बोट खुपसून माती बघे आणि कोरडी लागली तरच पाणी घाली. झाडं धरली, पिवळी फुलं आली. पण आत ना वारा, ना माशी. फुलं गळू लागली. चोपड्यात लिहिलं होतं तसं, पराग झडावेत म्हणून, ताई फुलाच्या देठाला टिचकी मारून बघायची, दोन-तीन बारीक फळं धरलीही होती. मी हे कौतुकानं आत्याबाईंना सांगितलं.

त्यांनी गळलेली फुलं ओंजळीत घेतली. "हितं कोंडून फळ धरत न्हाय. झाडाला वारं लागतं, ऊन लागतं. अंगणात नेते मी."

"आणि ताईला?"

"ती काय झाड हाय व्हय?" त्या म्हणाल्या. त्या चिडल्या नव्हत्या. मी काहीतरी खुळ्यासारखं विचारलं म्हणून त्यांना जरा हसूच आलं होतं.

डबे त्यांनी स्वतः उचलून नेले. झाडं बाहेर गेल्यावर खिडकी उघडी ठेवायला काही कारण उरलं नाही.

पिकतील ती ताईलाच देईन, असं त्यांनी मला कबूल केलं होतं. संक्रांतीनंतर गेले तर अंगणात झाडं फळांनी वाकली होती. आत्याबाईंनी अभिमानानं दाखवली. दिली का, असं विचारल्यावर म्हणाल्या, "घरात कशी न्यायची लाल लाल? पाटाच्या सायबाच्या बंगल्यावरचा खानसामा इकत नेतो की."

मी एक टमाटा तोडला आणि त्यांच्यादेखत आत गेले. त्यांनी अडवलं नाही. ताईच्या हातात तो दिला. तिनं दोन्ही हातांनी चाचपला, वास घेतला.

"लाल झालाय का गं?"

खोलीत अंधार होता, म्हणून मी आडणा काढून खिडकी सताड उघडली. भर दुपारचं ऊन तिच्या तोंडावर आलं. तिनं डोळे मिटले नाहीत. टमाटा उन्हात धरून, चेहरा खिडकीकडं करून ती माझ्या उत्तराची वाट बघत राहिली.

"झालाय," मी म्हणाले. "खा."